चढाच्या बाजूने

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. निशियोशिनो गावाच्या त्या डोंगरउतारावर अठ्ठेचाळीस वर्षं काढली, आणि ज्याच्याशी मी एकदा तरी भांडले नाही असा माणूस तिथे शोधून सापडायचा नाही. सहकारी संस्थेत फळांची प्रत ठरवणाऱ्या बाईशी भांडले, देवळातल्या भिक्षूशी भांडले, कावळ्यांशी तर रोजच. एका माणसाशी भांडण्यात मात्र कधी मजा आली नाही, कारण तो उलट बोलायचाच नाही. तो म्हणजे माझा नवरा, सेइसाकु.

ह्यांची बाग एके काळी अख्ख्या डोंगरउतारावर होती. सगळी पर्सिमनची झाडं, टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या नारिंगी, गोड फळांची. वय झालं तशी आम्ही ती शेजारच्या ओकुदा-सानना कसायला दिली आणि घरामागची अकरा झाडं तेवढी स्वतःकडे ठेवली. ती अकरा ह्यांनी आमच्या लग्नाच्या वर्षी लावली होती. उतार असा उभा की फळांचे क्रेट पाठीवर घेऊन उतरायचं म्हटलं तर दातच पडायचे. त्यासाठी एका रुळावरून कुरकुरत चालणारी इंजिनाची गाडी होती. ह्यांच्या खोलीच्या खिडकीतून ती अकराही झाडं दिसायची. सकाळी डोळे उघडले की आधी झाडं, मग मी, असा क्रम होता. मी त्यावरूनही भांडून पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात आहेत, पण त्यांच्याकडे जायची वाट बुजली आहे. एखादा शब्द हाताला लागला की तेवढाच बोलायचे, आणि दमून जायचे.

त्यात झाडांनीही हात टेकले होते. पर्सिमनचं असं असतं की मे महिन्यात ते कळ्यांनी लगडतं, आणि जूनमध्ये पावसाची झड लागून ऊन दिसेनासं झालं की घाबरतं. एवढी सगळी पोरं आपल्याच्याने पोसवणार नाहीत असं त्याला वाटतं आणि सुपारीएवढी हिरवी फळं ते टाकून द्यायला लागतं. थोडी टाकली तर चांगलंच, उरलेली पोसतात. पण आमच्या झाडांनी सलग तीन वर्षं जवळजवळ सगळी टाकली. शेडच्या पत्र्यावर दिवसभर टपटप चालायचं. जी काही राहिली ती अशी खुरटी की संस्थेतल्या त्या बाईने क्रेटकडे बघून माझ्याकडे बघितलंच नाही. त्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

नववर्षाला आमची मुलगी कायोको ओसाकाहून आली. ती नाकासमोर चालणारी आहे, बापावर गेली आहे, पण त्या दिवशी माझ्यासारखी बोलली.

"आई, माझ्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होतायत. लिफ्ट आहे. दवाखाना समोर आहे. बाबांना उचलून आंघोळ घालताना तुझी कंबर गेली तर दोघांना कोण बघणार?"

"माझी कंबर तुझ्यापेक्षा मजबूत आहे."

"आणि ती झाडं? तीन वर्षं काही लागलेलं नाही. कशासाठी राहायचं इथे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. इथून हलवलं तर हा माणूस वर्षभर टिकायचा नाही, हे मला दिसत होतं. कायोकोला दिसत नव्हतं, कारण तिला फक्त लिफ्ट दिसत होती.

पंधरा जानेवारीला, छोट्या नववर्षाला, आमच्याकडे झाडाला दम देतात. त्याला दोघं लागतात. एकाने कोयता घेऊन खोडासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "फळ देणार की नाही? नाही दिलंस तर तोडून टाकीन!" दुसऱ्याने झाडाआड उभं राहून झाडाच्या वतीने म्हणायचं, "देतो, देतो!" मग सालीवर कोयत्याचा हलका टोचा मारायचा आणि त्यावर लाल चवळीची पेज लावायची. सत्तेचाळीस वर्षं कोयता ह्यांच्या हातात आणि झाडाचं बोलणं माझ्या तोंडी होतं. मी काही नुसतं "देतो" म्हणून गप्प बसणारी नव्हे. "देतो, पण आधी त्या मळक्या टोपीला पाणी दाखव," असं काहीबाही जोडायची, आणि हे हसायचे.

त्या वर्षी कोयता मी घेतला. ह्यांना पांघरुणात गुंडाळून, चाकाच्या खुर्चीत बसवून, परसातून जवळच्या पहिल्या झाडापाशी नेलं.

"फळ देणार की नाही?" मी खणखणीत आवाजात विचारलं. "नाही दिलंस तर तोडून टाकीन!"

"नाही," हे म्हणाले.

"अहो, 'देतो' म्हणायचं असतं."

"माहीत... आहे." झाडाकडे बघितलं. "नाही."

कुंपणापलीकडे ओकुदा-सान आपल्या झाडाला पेज लावत होते. बायको गेल्यापासून कोयताही तेच आणि झाडही तेच. ते ओरडले, "मित्सुए-सान, तुझं झाड संपावर गेलंय वाटतं!"

"तुम्ही तुमचं बघा!" मी म्हटलं आणि पुन्हा झाडाकडे वळले. "शेवटचं विचारते. नाही दिलंस तर तोडून टाकीन!"

"तोड," हे म्हणाले. आजारानंतर इतका स्पष्ट शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. झाडाच्या नावावर हा माणूस स्वतःचंच सांगत होता, आणि मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. मी पेज थापली, खुर्ची गरकन वळवली, घरात आले आणि कायोकोला फोन लावला.

"पैज लाव माझ्याशी. या वर्षी अकराही झाडं भरली तर आम्ही इथेच राहणार, आणि तू पुन्हा लिफ्टचं नाव काढायचं नाहीस. नाही भरली तर नोव्हेंबरात आम्ही तुझ्याकडे."

"आई, हे काय लहान मुलासारखं!"

"घाबरलीस?"

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण नोव्हेंबरात रडायचं नाही."

एप्रिलात पालवी आली, मे महिन्यात कळ्या. मी शिडी लावून एका फांदीवर एक कळी ठेवत बाकीच्या खुडत गेले. खालच्या बाजूला झुकलेली, रुंद दांड्याची कळी तेवढी ठेवायची. अकरा झाडं एकटीने म्हणजे बारा दिवस लागले, बोटं रसाने काळी पडली. पण कळ्या खुडणं मी मागची तीन वर्षंही केलंच होतं. जूनचा पाऊस त्याला भीक घालत नाही. म्हणून मला ती जुनी युक्ती आठवली.

कायोको सातवीत होती त्या वर्षीही अशीच गळ लागली होती. तेव्हा ह्यांनी एका वाकड्या सुरीने खोडाची साल गोल कापली होती. झाडाची पानं जे अन्न करतात ते सालीतून खाली मुळांकडे जातं. जूनच्या तोंडाला ती वाट थोडे दिवस अडवली की अन्न वरच राहतं, फळ टिकतं आणि फुगतं. नंतर जखम आपोआप भरून येते. त्या दिवशी मी चढाच्या बाजूला, चिकटपट्टीचं रीळ घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्या समोरची साल कापली, करंगळीच्या नखाएवढी रुंद. मग उताराच्या बाजूला उतरून तिकडची कापली. मी पट्टी दिली, त्यांनी गुंडाळली, आणि आम्ही पुढच्या झाडाकडे गेलो. तिकडे काय केलं हे बघायला मी काही खाली उतरले नाही. त्यात बघण्यासारखं होतं काय? कडं म्हणजे कडं.

त्या वर्षी फळ टिकलं होतं. पण ह्यांनी ते पुन्हा कधी केलं नाही. "गळा दाबून गाणं म्हणायला लावल्यासारखं वाटतं," म्हणाले होते.

ह्यांना विचारलं असतं तर "नाही"च म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामकेंद्राची गाडी ह्यांना घेऊन जायची. तशा दोन दिवसांत मी अकराही झाडं उरकली. कडं पूर्ण गोल पाडलं, टोकाला टोक नीट जुळवून. करंगळीच्या नखाएवढं पुरेल की नाही अशी शंका आली, म्हणून दोन बोटं रुंद केलं. साल सुटल्यावर आत एक बुळबुळीत पातळ थर राहतो, तोही सुरीच्या पाठीने खरवडून काढला, पांढरं लाकूड लागेपर्यंत. गावात माझ्याइतकी लख्ख भांडी कोणाकडे नसतात. मी काम करते ते असं करते.

ह्यांनी खिडकीतून पट्ट्या पाहिल्या आणि बोट दाखवलं.

"अळ्या चढू नयेत म्हणून," मी म्हटलं. खोडांना असं काहीतरी गुंडाळतातच. त्यांनी मान हलवली.

मग पाऊस लागला. पंधरा दिवस सूर्य नाही. मी पत्र्याकडे कान लावून बसायची. टप् झालं की उठून बघायला जायची. पण एक टप् झाल्यावर दुसरा टप् व्हायला तासन् तास जायला लागले. संध्याकाळी हे विचारायचे, "आज?"

"सात."

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"चार. त्यातलं एक कावळ्याने पाडलं, ते धरू नका."

आदल्या वर्षी मी टोपल्यांनी उचलत होते. सहाव्या की सातव्या दिवशी हे "आज?" म्हणाले, मी "एक" म्हटलं, आणि त्यांनी चहात शिजवलेल्या पेजेचा वाडगा स्वतःच्या डाव्या हाताने ओढून घेतला. तोवर मी भरवत होते.

तो उन्हाळा आमचा होता. मला माझ्या लग्नातलं फारसं काही आठवत नाही, पण तो उन्हाळा सगळा आठवतो. हे काठी घेऊन परसात उभे राहायला लागले. आधी दहा पावलं, मग वीस. जुलैत उरलेल्या फळांची विरळणी करायची असते, एका फळामागे वीसेक पानं राहतील अशी. मी शिडीवर आणि हे खाली खुर्चीत बसून काठीने दाखवायचे.

"ते. नको."

"हे?"

"ते... नाही. शेजारचं."

"हे तर चांगलं गोल आहे!"

"चपटं... हवं."

"अठ्ठेचाळीस वर्षं फळं खुडतेय, मला शिकवू नका."

"चपटं," हे म्हणायचे, आणि मी चपटं ठेवायची. मध्येच मी खाली वाकून बघायची तेव्हा हे हसत असायचे. अर्धं तोंडच हसायचं, पण ते अर्धं पुरेसं होतं.

सप्टेंबर संपायच्या आतच फळं रंगावर आली. ओकुदा-सान कुंपणापाशी येऊन बघत राहिले. "माझी अजून हिरवीगार आहेत. काय चारलंस त्यांना, मित्सुए-सान? लाच?"

"मेहनत म्हणतात त्याला. तुमच्या ओळखीची नाही ती."

"पानंसुद्धा लाल व्हायला लागली की गं इतक्यात," ते म्हणाले. मला तो त्यांचा मत्सर वाटला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कायोको आली. एक फळ तिच्या तळहातावर मावेना. सोप्यावर बसून तिने ते कापलं, खाल्लं, हनुवटीवरून ओघळलेला रस पुसला.

"हरले," ती म्हणाली.

"मोठ्याने म्हण, तुझ्या बापाला ऐकू जाऊ दे."

"हरले! राहा इथेच दोघं!"

आतून हे काहीतरी म्हणाले. शब्द नव्हता तो, पण काय होतं ते आम्हा दोघींना कळलं.

कायोको परत गेल्यावर तीन-चार दिवसांनी तोडणी सुरू केली. वरच्या झाडांपासून सुरुवात करायची होती. ह्यांनी हट्ट धरला, मलाही ने. मी त्यांना रुळाच्या गाडीत रिकाम्या क्रेटांच्या मध्ये बसवलं, कमरेला दोरी बांधली आणि इंजिन सुरू केलं. "सेइसाकु-सान पहिल्या प्रतीचे की दुसऱ्या?" ओकुदा-सान खालून ओरडले. ह्यांनी डावा हात हलवला. वर पोचल्यावर मी त्यांना उतरवून, काठी हातात देऊन, उताराच्या बाजूला सपाटशा जागी उभं केलं आणि मी चढाच्या बाजूने शिडीवर चढले.

थोड्या वेळाने फांद्यांतून खाली बघितलं तर हे खोडाला टेकून उभे होते. काठी गवतात पडली होती आणि हात पट्टीवर होता. पट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं. मला वाटलं, झाडाला भेटतायत. इतक्या महिन्यांनी वर आले आहेत, भरून आलं असेल. मी मुद्दामच हाक मारली नाही. मग ते खोडाचा आधार घेत घेत पुढच्या झाडाकडे गेले, तिथेही तसेच थांबले, आणि मग त्याच्या पुढच्याकडे. तिसऱ्या झाडाशी ते खाली बसले.

"थंडी," म्हणाले. ऊन चांगलं होतं. मी त्यांना खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओकुदा-सान ह्यांचे केस कापायला आले. दर दोन महिन्यांनी यायचे. मी शेडमध्ये फळं भरत होते. ते गेल्यावर मी आत आले, तर हे फोनकडे बघत होते.

"कायोको," म्हणाले. "लाव."

"कशाला?"

"जाऊ. ओसाका."

मला आधी वाटलं, चुकीचा शब्द हाताला लागला. कधी कधी चहा म्हणायचं असताना चप्पल म्हणायचे. "कायोकोला इकडे बोलवायचंय का?"

"नाही. जाऊ. आपण. आता."

"अहो, आपण जिंकलो! ती हरली! तुमच्यासमोर ओरडून गेली ना?"

"जाऊ," हे म्हणाले.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बारा दिवस शिडीवर काढले ते कोणासाठी, असं म्हणाले. तुम्हाला लिफ्टच हवी होती तर जानेवारीतच सांगायचं होतं, असं म्हणाले. भित्रा म्हणाले. हे खाली बघून ऐकत राहिले आणि मी थांबले की पुन्हा म्हणायचे, "जाऊ." फोनवर कायोकोलाही कळेना. "आई, तूच जिंकलीस ना?" ती दोनदा म्हणाली. मग तिने त्यांच्याशी बोलू दे म्हटलं, आणि त्यांनी तिलाही तेच सांगितलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ओसाकात होतो. चौथा मजला. खिडकीसमोर गाड्या ठेवायची सहा मजली इमारत.

मी मघाशी म्हटलं, ह्यांच्याशी भांडण्यात मजा नव्हती. म्हणून मी भांडले नाही. मी बोलणं बंद केलं. कामात कसूर केली नाही. आंघोळ, जेवण, गोळ्या, व्यायाम, सगळं वेळेवर. पण "जेवा," "हात वर," "औषध," या पलीकडे शब्द नाही. हे काहीतरी शोधत तोंड हलवायला लागले की पूर्वी मी शब्द सुचवायची. आता मी उठून स्वयंपाकघरात जायची. कायोकोने एकदा विचारलं, "आई, बाबांशी का बोलत नाहीस?" मी म्हटलं, "त्यांना ओसाका हवं होतं, ओसाका दिलं. बोलणं पैजेत नव्हतं."

मे आला तशी मला राहवेना. झाडं कळ्यांवर आली असणार. आगगाडीने आणि मग बसने सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं, असं दहा-बारा फेऱ्यांत कळ्या खुडून होतील, असा हिशेब केला. टोपी, कात्री, डबा पिशवीत भरला. हे दाराशी खुर्चीत बसले होते. पिशवी बघितल्यावर अस्वस्थ झाले.

"नको."

मी चपला घातल्या.

"जाऊ नको. पा... पाऊस."

आकाश निरभ्र होतं. मी दार ओढून घेतलं.

बस शेवटच्या वळणावर आली की आमचा उतार समोर येतो. मे महिन्यात तो असा हिरवा असतो की डोळे दुखतात. मी घराचं छप्पर शोधलं, आणि त्याच्या मागे मला काड्या दिसल्या. वाटलं, बसच्या काचेवर काहीतरी आहे. मी काच पुसली.

अकराही झाडं उघडी होती. एक पान नाही. जवळ गेले तर फांद्या हातात कटकन तुटल्या. कापाच्या खाली, बुंध्यापाशी, कलमाच्या रानटी मुळातून फुटवे आले होते, त्यांना कधी काही लागलंच तर ते तुरट, कडक, कोणी तोंडात न घालण्यासारखं. कापाच्या वर सगळं लाकूड.

ओकुदा-सान धावत आले. धावायचं त्यांचं वय नाही, धाप लागली होती.

"मित्सुए-सान, तू आज येशील असं... मी तोडणार होतो. मार्चातच तोडणार होतो. माझी कंबर धरली आणि मग करवत बिघडली..."

"तोडणार होता? का?"

ते पुन्हा करवतीचंच सांगायला लागले. मी सोडणाऱ्यातली नव्हे. शेवटी ते म्हणाले, "सेइसाकुने सांगितलं होतं. केस कापायला आलो होतो त्या दिवशी. तासभर लागला त्याला एवढं सांगायला. म्हणाला, ती यायच्या आत तोड. विचारलं तर सांग, रोग पडला. सगळ्यांवर पडला म्हणून सांग."

मी पहिल्या झाडाला वळसा घालून उताराच्या बाजूला गेले. तिकडची पट्टी सोडली. माझा काप तिकडूनही तसाच गोल आला होता, टोकाला टोक जुळलेलं, आणि आतलं लाकूड राखाडी पडलं होतं. आणि त्याच खोडावर, माझ्या कापाच्या वीतभर खाली, एक जुना वण होता, सुरी चालवताना मी ज्याच्याकडे बघितलंच नव्हतं. तो अर्धाच होता. चढाच्या बाजूचा त्यांचा काप एका उंचीवर, आणि उताराच्या बाजूचा वीतभर खाली. दोन्ही एकमेकांना भेटत नव्हते. मधून अन्न मुळांकडे जायला दोन्ही अंगांना त्यांनी वाट ठेवली होती. मी रीळ धरून वर उभी होते आणि मला कडं दिसलं होतं. झाडांनी शेवटच्या वर्षी जे काही होतं ते सगळं फळांत घातलं, म्हणून ती तेवढी मोठी झाली होती.

"तुला कोणी सांगितलं नव्हतं का, की पूर्ण गोल..." ओकुदा-सान हळू आवाजात म्हणाले.

"मी कोणाला विचारलंच नाही," मी म्हटलं. मग मी त्या गवतात बसले आणि मोठ्याने रडले. ओकुदा-सान टोपी हातात घेऊन शेजारी उभे राहिले.

ओसाकात परत आले तेव्हा दिवे लागायचे होते. कायोको कामावरून आली नव्हती. हे दाराकडे तोंड करूनच बसले होते, सकाळी होते तसे. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत सालीचा काळा भुगा होता.

"पाहिलं," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"पाहिलं."

मी पिशवी ठेवली आणि तिथेच दारात, चपला न काढता, बसले. "मला सांगायचं होतंत," मी म्हटलं. "बोलायला येत नव्हतं तर काठी उगारायची होती. मी झाडं मारली आणि तुम्ही त्यांना रोग पडला म्हणून सांगता? आणि घर का सोडलंत? झाडं गेली तरी घर होतं, ओकुदा-सान होते, तो डोंगर होता. तुम्ही आपल्या खोलीत राहिला असतात!"

ते शब्द शोधायला लागले. तोंड हलत होतं, डोळे कोपऱ्याकडे गेले. मी उठले नाही. सुचवण्यासारखा शब्दही माझ्याकडे नव्हता.

"खिडकी," ते शेवटी म्हणाले.

"खिडकीचं काय?"

"रोज," म्हणाले. मग, "तुला." मग दम घेतला आणि डाव्या हाताने माझ्या दिशेने खूण केली. "दिसलं... असतं."

मी सत्तरी ओलांडली आहे. मला कोणाचं बोलणं समजायला इतका वेळ कधी लागला नव्हता. ह्या माणसाने आपली खिडकी सोडली, आपला डोंगर सोडला, गाड्यांच्या इमारतीसमोर येऊन बसला, ते मला रोज सकाळी ती झाडं दिसू नयेत म्हणून. त्याला राहायला मिळावं यासाठीच तर मी सगळं केलं होतं, आणि मिळालेलं ते त्याने माझ्यासाठी देऊन टाकलं. भित्रा हा शब्दही ऐकून घेतला.

झाडांचं निदान कारण तरी मला सांगता येतं. चूक झाली, बघितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. पण ज्याच्याकडे दिवसाला मोजून दहा-बारा शब्द उरले आहेत, त्याच्याशी मी पाच महिने बोलले नाही. तो शब्द शोधायला लागला की मी उठून जात होते. ते मात्र मी पुरतं समजून-उमजून केलं.